‘हे संशोधन नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतली मुलं ‘टेस’ या अंतराळ दुर्बिणीच्या नोंदी तपासतात, त्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत. नासाचा आयता डेटा उघडून बघणं म्हणजे संशोधन नव्हे, गावात एवढं काळंभोर आकाश असताना मुलांना कॉम्प्युटरपुढे कशाला बसवता, आणि दहावीच्या गणिताचं काय, असं तुमचं म्हणणं.

आकाश आम्ही दाखवतोच. पण एका ताऱ्याचा उजेड सलग मोजायचा तर इथून जमत नाही. दिवस उजाडला की नोंद तुटते, आणि मृगापासून हस्तापर्यंत आभाळाचा भरवसा नसतो. 2018 साली सोडलेली टेस आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सुमारे 27 दिवस बघत राहते. तिच्या नोंदी सगळ्यांना फुकट मिळतात.

नववीतल्या एका मुलीला एका ताऱ्याच्या उजेडाच्या आलेखात ठरावीक अंतराने खड्डे दिसले. ग्रह ताऱ्यापुढून गेला की असाच खड्डा पडतो, म्हणून वर्गात एकच गलका झाला. ती मात्र मोजत बसली. म्हणाली, “मॅडम, एक खड्डा मोठा हाय अन् एक लहान. ग्रह असता तं सारखेच असते ना?” बरोबर होतं. आलटूनपालटून लहानमोठे खड्डे म्हणजे बहुधा एकमेकांना झाकणारे दोन तारे. पण नेमके कुठले? टेसच्या एका पिक्सेलमध्ये 21 विकला रुंदीचं आकाश येतं (विकला म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग), त्यात शेजाऱ्याचाही उजेड मिसळतो. मुलांनी एकेका पिक्सेलचा आलेख वेगळा काढला, तेव्हा खड्डा शेजारच्या ताऱ्यापाशी जास्त खोल निघाला. हे उत्तर कुठल्या गाईडात नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. याला मी संशोधनच म्हणते, सर.

ग्रह सापडला असा दावा आम्ही केलेला नाही. पण 2019 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात आलेला 17 वर्षांचा शाळकरी मुलगा अशाच जोडताऱ्यांच्या नोंदी चाळत होता. टीओआय 1338 या जोडीचा एक खड्डा त्याला वेळेत बसेना. तो ग्रहाचा निघाला. त्याच्या शेजारी विचारायला शास्त्रज्ञ होते. आमच्या मुलांना ती सोय नाही, आणि ही उणीव मला फार जाचते.

गणिताचं म्हणाल, तर गुरूएवढा ग्रह सूर्यापुढून गेला की उजेड साधारण 1 टक्का घटतो, पृथ्वी गेली तर 0.01 टक्क्याहूनही कमी. वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून हे मुलांनी स्वतः काढलं, फळ्यावर, खडूने.

तुम्ही बरीच वर्षं गणित शिकवलंय असं लिहिलंत. त्या जोडताऱ्याचा फेरीचा काळ अचूक काढायचा आहे, आणि दोन वेगळ्या वर्षांच्या नोंदी जुळवताना मुलं अडली आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बसतो. याल का?