‘शेवटचं बटण’ का दाबलं नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बंद पडलेली इलेक्ट्रिक कार टो करून आमच्याकडे आणली. नवं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये तयार होतं, टूलही तुमचंच होतं, फक्त ‘शेवटचं बटण’ दाबायचं राहिलं होतं आणि ते आम्ही दाबलं नाही. वर स्कॅनिंगचे आणि ‘बॅटरी चार्जिंगचे’ पैसे लावले. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तेच काम तासाभरात करून दिलं. म्हणून आम्हाला ईव्हीतलं काही कळत नाही आणि आम्ही ‘कंपनीचे दलाल’ आहोत.

घडलं ते तुम्ही बरोबर लिहिलंय. बटण दाबलं नाही, आणि तशीच गाडी उद्या परत आली तरी दाबणार नाही. का, ते सांगतो. थोडं लांबेल, पण आपल्या नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत हल्ली बरेच ईव्हीवाले डोंगल (गाडीच्या पोर्टला लावून तिची माहिती वाचायचं छोटं यंत्र) घेऊन फिरताहेत, त्यांच्याही कामाला येईल.

गाडी उतरवली तेव्हा तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत दहा व्होल्टसुद्धा नव्हते. तुम्ही घरच्या पार्किंगमध्ये अपडेट सुरू केलंत आणि ते अर्ध्यावर असताना स्क्रीन गेली. ‘एवढी मोठी बॅटरी फुल चार्ज होती, मग करंट कमी पडेलच कसा?’ असं तुम्ही काउंटरवर विचारलं होतंत. प्रश्न चुकीचा नाही, बरेच जण हेच विचारतात. खाली तीनशेहून जास्त व्होल्टचा पॅक असला तरी गाडीतले सगळे कॉम्प्युटर, म्हणजे मॉड्यूल, चालतात ते त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या पॅकमधून छोटी बॅटरी भरत राहतो. पण तुम्ही नवं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं ते बीएमएसमध्ये, म्हणजे मोठी बॅटरी सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्ये. मोठ्या पॅकचे कॉन्टॅक्टर (पॅक गाडीशी जोडणारे मोठे स्विच) जोडलेले ठेवायचे की उघडायचे हे तोच ठरवतो. त्याच्यात लिखाण सुरू झालं की कॉन्टॅक्टर उघडतात, पॅकचा गाडीशी संबंध तुटतो आणि कन्व्हर्टर थांबतो. तिकडे इग्निशन ऑन, स्क्रीन चालू, सगळी मॉड्यूल जागी, आणि सगळ्यांचं ओझं त्या एकट्या छोट्या बॅटरीवर. व्होल्टेज ठराविक आकड्याखाली आलं की लिखाण तुटतं. जुनं सॉफ्टवेअर पुसलेलं असतं, नवं अपुरं असतं. तुमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून वर्कशॉपमध्ये असं काम करताना स्थिर सप्लाय लावतात. साडेतेराच्या आसपास व्होल्टेज धरून ठेवायचं आणि मॉड्यूल कितीही अँपिअर ओढू दे, ते हलू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. घरातला साधा चार्जर इथे चालत नाही, तो मधूनच कमी-जास्त होतो. तुमच्या पावतीवर ‘बॅटरी सपोर्ट’ म्हणून जी ओळ आहे ती याची. तो सप्लाय जोडल्याशिवाय तुमची गाडी स्कॅनरशी बोलायलाही तयार नव्हती.

आता स्कॅनिंग. ‘पाच मिनिटांचं काम’ असं तुम्ही लिहिलंय. एका मॉड्यूलचा बिघाडाचा कोड बघायला पाच मिनिटं पुरतात. आम्ही मोटर कंट्रोलर, ऑनबोर्ड चार्जर, ब्रेक, एअरबॅग सगळं वाचलं, कारण व्होल्टेज पडताना आणखी कुठे काय बिघडलं हे बघायला नको? बाकी मॉड्यूल शाबूत होती, फक्त बीएमएसशी संपर्क नाही अशी तक्रार करत होती. बीएमएसचा नुसता बूटलोडर, म्हणजे नवं सॉफ्टवेअर लिहून घेणारा छोटा मूळ प्रोग्राम, उत्तर देत होता. त्याचा छापील रिपोर्ट तुम्हाला दिला. ‘ते कोड उडवून टाका’ म्हणालात, तेही केलं नाही. कोडसोबत त्या वेळचं व्होल्टेज, तापमान अशी नोंद मॉड्यूलमध्ये साठलेली असते. कोड उडवला की तीही जाते, मग पुढच्या मेकॅनिकने काय बघायचं? डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली, हा गैरसमज पेट्रोलच्या जमान्यापासून चालत आलाय.

मग तुमची ती फाइल. टेलिग्रामच्या ग्रुपवरून आलेली. मॉडेलचं नाव तेच, व्हर्जन नवं. पण बूटलोडर स्वतःचा हार्डवेअर नंबर सांगतो, आणि तुमच्या मॉड्यूलचा नंबर फाइलमधल्या नंबरशी जुळत नव्हता. हे तुम्हाला स्क्रीनवर दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मॉडेल एकच आहे, शेवटचे दोन आकडे वेगळे असले म्हणून काय झालं?’

साहेब, सगळी गोम त्या दोन आकड्यांतच असते. एकाच नावाच्या गाडीत कंपनी मधल्या काळात सेल बदलते, पॅक बदलते. तुमच्या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. असा सेल पूर्ण भरतो साधारण ३.६५ व्होल्टला. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचा सेल जातो ४.२ पर्यंत. कुठे थांबायचं, किती गरम झाल्यावर चार्जिंग कमी करायचं, हे सगळे आकडे बीएमएसच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. ती फाइल कुठल्या सेलची, हे तुम्ही आमच्यासमोर त्या ग्रुपवर विचारलंत. ‘ब्रो, मेरे में चल गया’ यापलीकडे काही उत्तर आलं का? काही मॉड्यूल हार्डवेअर नंबर आधीच तपासून फाइल नाकारतात, काही सगळं लिहून झाल्यावर शेवटी तपासतात, आणि काही जुनी मॉड्यूल चेकसम जुळला की गप्प स्वीकारतात. चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत फाटली नाही, इतकंच. ती तुमच्या गाडीची आहे असं तो सांगत नाही. भरीला मूळ सॉफ्टवेअरचा बॅकअप तुमच्याकडे नव्हता. तो तुमचा हलगर्जीपणा म्हणत नाही, बहुतेक मॉड्यूलमधून जुनं सॉफ्टवेअर बाहेर वाचूच देत नाहीत. पण परतीची वाट नाही, हे माहीत असताना माझ्या गॅरेजमधल्या मुलांनी दुसऱ्याच्या गाडीत, पोरंबाळं बसतात त्या सीटखालच्या पॅकच्या बाबतीत, ‘चल गया’ वर भरवसा ठेवावा, हे मला पटत नाही.

सर्व्हिस सेंटरने तासाभरात केलं, हेही बरोबर. त्यांचं टूल कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असतं. चेसिस नंबर टाकला की त्याच गाडीची, कंपनीची डिजिटल सही असलेली फाइल उतरते. ‘बीएमएस रिकव्हरी, अधिकृत सेंटरलाच’ ही ओळ आमच्या रिपोर्टवर खाली हाताने लिहिलेली आहे. तो कागद काढून बघा. तिथे न्या म्हणणारे आम्हीच होतो, आणि न्यायच्या आधी गाडी जागी करून दिली म्हणून तिथलं काम तासाभरात उरकलं. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र लेखी घ्या. शेवटचं लिखाण कधी आणि कुठल्या टूलने झालं याची नोंद मॉड्यूलमध्ये राहू शकते, आणि आपल्याकडे मोठ्या पॅकची वॉरंटी बहुधा ८ वर्षांची असते. ती शाबूत आहे असं जॉबकार्डवर लिहून मागा. उद्या सेल खराब निघाला तर तोंडी आश्वासन कुणी मानणार नाही.

राहिलं ‘दलाल’. हे मात्र झोंबलं.

नाशिकमध्ये माझ्या वयाचे निम्मे मेकॅनिक डिझेल पंप आणि नोझलवर शिकले. मायको सर्कल हे नावच ते बनवणाऱ्या मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्यावरून पडलेलं. नोझल टेस्टरला लावायचा, हँडल मारायचं, किती प्रेशरला उघडतो ते गेजवर दिसायचं, शिम (पातळ चकती) बदलून ते प्रेशर बरोबर बसवायचं. कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नव्हती. आज गिऱ्हाईक समोर, गाडी समोर, दोष समजलेला, आणि मॉड्यूल म्हणतं पासवर्ड द्या. मॉड्यूल एक आकडा फेकतं, त्याचं बरोबर उत्तर टूलने दिलं तरच कुलूप उघडतं, आणि उत्तराचं गणित कंपनीकडे. या कुलपाचा त्रास तुम्हाला एकदा झाला, आम्हाला रोज होतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत, पोर्टलही झालं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्येच कायदा केला. फी घ्या, माझं नाव-पत्ता नोंदवा, पण सही केलेली फाइल मलाही उतरवू द्या, एवढंच माझं कंपन्यांकडे मागणं आहे. ते मिळालं तर तुमचं बटण मीच दाबेन. ते मिळत नाही म्हणून कुठून तरी आलेली फाइल मारणं, याला मी दुरुस्तीचा हक्क म्हणत नाही.

वाचायला मात्र कुणाला मनाई नाही, उलट वाचाच. चांगलं डोंगल घ्या, सेलचे व्होल्टेज, तापमान, कोड बघत जा. स्वस्तातल्या, ईएलएम ३२७ चिपच्या डोंगलवर पुष्कळदा ‘१.५’ व्हर्जनचा शिक्का असतो. ती चिप बनवणाऱ्या मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ व्हर्जन कधी काढलंच नव्हतं! असल्या नकलेवर आकडे वाचता येतील, लिखाण करू नका. आणि काम झालं की पोर्टमधून काढा. काही डोंगल गाडीला झोपू देत नाहीत, आणि मग सकाळी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली सापडते.

आणि ज्यासाठी तुम्ही हा सगळा खटाटोप केलात ती मूळ तक्रार, चार्ज २० टक्क्यांवरून एकदम खाली पडतो, त्याला बहुधा अपडेट लागणारही नाही. एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं. नेहमी ३० ते ८० टक्क्यांतच चार्जिंग केलं की बीएमएसचा अंदाज हळूहळू भरकटतो. घरच्या स्लो चार्जरवर पूर्ण १०० टक्के करा आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावरही प्लग लगेच काढू नका. सेल बरोबरीत यायला वरच्या टोकालाच वेळ मिळतो. असं काही वेळा करून बघा. त्यानंतरही आकडा पडत असेल तर एखादा सेल मागे राहिलाय का ते तपासावं लागेल, आणि वॉरंटी शाबूत असेल तर ते तिच्यात बसतं.

पावतीतले पैसे परत मिळणार नाहीत, ते केलेल्या कामाचे आहेत. तुमची १२ व्होल्टची बॅटरी लोड टेस्टला कमजोर निघाली होती, रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे. कसाऱ्याला घाटात अडकण्याआधी ती बदला, आमच्याकडेच बदलावी असं काही नाही. तुमच्या लॅपटॉपचा चार्जर आमच्या काउंटरवर राहिलाय. रविवार सोडून संध्याकाळी सातपर्यंत कधीही घेऊन जा.