आठ वाट्या सोलकढी

पाककलेच्या तासाला आम्हांला पगार शिकवण्याचा मिळतो, असं लोकांना वाटतं. तो मिळतो चाखण्याचा. आठवीच्या वर्गात ३२ मुलं, चौघांचा एक गट, म्हणजे ८ गट. पदार्थ कुठलाही असो, तास संपायला सात-आठ मिनिटं उरली की टेबलावर ८ वाट्या ओळीनं येतात आणि ३२ जणांचे डोळे माझ्या घशावर खिळतात. पहिली वाटी अळणी. दुसरीत मांडवी समुद्राला मिळते तिथलं पाणी. तिसरीत लसणीची अख्खी पाकळी, सालासकट. चौथी अप्रतिम, कारण ती कुणाच्या तरी आजीनं सकाळीच बाटलीत भरून दिलेली. पाचवीपर्यंत जिभेचं लाकूड झालेलं असतं. पुढच्या तीन गटांना दिलेले गुण देवळातल्या कौलाइतकेच शास्त्रीय.

वर्षाच्या आराखड्यात या प्रकरणाला ‘सोपे पदार्थ’ म्हणतात. सोपा पदार्थ म्हणजे चूक लपवायला आडोसा नसलेला पदार्थ. खतखत्यात, म्हणजे अनेक भाज्यांच्या एकत्र रश्श्यात, एखादी भाजी कच्ची राहिली तर बाकीच्या तिला सांभाळून घेतात. तोणाक या रस्साभाजीचं वाटण जरा जास्त भाजलं गेलं तर ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हणून खपतं. सोलकढीत लपायला खोबऱ्याचा चोथासुद्धा नसतो, तो गाळून टाकलेला.

खरं वैर आहे ते मापाशी. गोव्यातल्या घरांत स्वयंपाकाचं एकच अधिकृत माप चालतं: ‘मात्शें’, म्हणजे थोडंसं. मीठ मात्शें, गूळ मात्शें, हिंग मात्शें. आईच्या आणि आजीच्या मात्शेंत अर्ध्या चमच्याचा फरक असतो. आठवीतल्या मुलाचं मात्शें मूठभर असतं. छापील पाककृती हेच सभ्य मराठीत ‘चवीपुरतं’ म्हणून सांगते. ज्यानं आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही, त्याला चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं, हे कसं कळावं? म्हणून पहिल्या तासाला मी फक्त मापाचे चमचे हातात देते. लहान ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा. वाटी म्हणजे वर्गाची वाटी, १५० मिलिलिटरची. घरून आणलेल्या वाट्या पिशवीतच ठेवायच्या. त्यांत एक हळदीकुंकवाच्या वाणात आलेली असते, एक आमटीची, आणि दोघींत दुपटीचा फरक. तरी दोघींनाही घरी ‘वाटी’च म्हणतात.

मिठाची गंमत वेगळीच. पुडीतलं बारीक मीठ लहान चमचा सपाट भरून घेतलं तर साधारण ६ ग्रॅम भरतं. आगरवाड्याच्या मिठागरातलं खडे मीठ त्याच चमच्यात घ्या, खड्यांच्या फटींत हवा बसते आणि मीठ कमी भरतं. माप बारीक मिठाचं आणि हातात खडे, असं झालं की कढी आधी अळणी लागते. मग एक चमचा वरून पडतो. मग तळाचे खडे सावकाश विरघळतात आणि तोवर वाटी माझ्यापुढे आलेली असते. जून-जुलैत तर मिठाला पाणीच सुटतं. ओल शोषायला बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवावे, तर ते चमच्यातून कढीत उतरतात. ‘टीचर, हिच्यात भात आहे.’ निदान निरीक्षण तरी पक्कं.

सूचना लिहितानाही शब्द जपावे लागतात. वहीत ‘साहित्याची सोय घरून करून यावी’ असं लिहिलं की अर्ध्या वर्गाच्या घरी कुणीतरी आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खोबरं खवायला बसतं, कारण कोंकणीत सोय म्हणजे खवलेला नारळ. उरलेल्या अर्ध्या वर्गाला प्रमाण मराठी कळतं, ते हात हलवत येतात. बरं, पुस्तकातल्यासारखं ‘नारळाचा चव’ लिहावं, तर एखादी चुणचुणीत मुलगी लाल पेनानं ‘नारळाची चव’ करून देते. व्याकरण शुद्ध, कढीत खोबरं नाही.

नारळ अख्खा आला तर तो मदतनीस मावशी फोडतात, कोयता मुलांच्या हाती जात नाही. बघायला मात्र सगळ्यांना बोलावते. शेंडी काढून नारळ तळहातावर धरायचा, पोटावरच्या मधल्या रेषेत कोयत्याच्या पाठीनं ठोका, थोडा फिरवायचा, परत ठोका. चार-पाच ठोक्यांत चीर जाते. एकाच जागी बडवत राहिलं तर करवंटीचे कपचे खोबऱ्यात घुसतात आणि पुढे कुणाच्या तरी दाताखाली येतात, बहुतेक माझ्याच. पाणी वाटीत धरायचं आणि आधी वास घ्यायचा. आंबूस आला की नारळ बाद. ‘धुतला की जाईल, टीचर’ म्हणणारा दरवर्षी एक असतोच. धुण्यानं जातो तो फक्त वेळ.

आदोळीवर मुलांची पहिली चूक ठरलेली. ती भकल (फोडलेला अर्धा नारळ) दाताच्या मधोमध टेकवतात आणि विहीर खणतात. मधलं संपतं, आदोळी तपकिरी पापुद्र्यापर्यंत पोचते, कडा तशाच राहतात. पापुद्रा उतरला की दूध मळकट दिसतं आणि कढीला साबणाच्या जाहिरातीतला ‘आधीचा’ सदरा आठवतो. करायचं ते उलटं. कडेपासून सुरुवात, दोन्ही हातांनी भकल फिरवत फिरवत मध्याकडे यायचं, पांढरं विरळ झालं की थांबायचं. जोर फिरवण्याला, दाबण्याला नाही. वेण्या मागे बांधलेल्या हव्या. आदोळीच्या पात्याकडे पाठ करून कुणी गप्पा मारू नयेत, हे मी दर तासाला सांगते, आणि दर तासाला तिकडेच पाठ करून कुणीतरी विचारतं, ‘काय म्हटलात?’

एका गटाला अर्ध्या नारळाचं खोबरं पुरतं. मिक्सरमध्ये ते, अर्धी हिरवी मिरची, सोललेल्या दोन लसूणपाकळ्या आणि एक वाटी कोमट पाणी. कोमट म्हणजे बोट बुडवून निवांत ठेवता येईल इतकंच. इथे दोन पंथ आहेत. पहिला पंथ कढत पाणी घेतो आणि मिक्सरचं झाकण हलकेच धरतो. वाफ कोंडते, झाकण उडतं, भिंतीवर पांढरी रांगोळी उमटते. दुसरा पंथ फ्रिजमधून काढलेलं खोबरं थंड पाण्यात वाटतो. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे दूध सुटण्याऐवजी वर लोण्याच्या कण्या तरंगू लागतात. त्या बघून गट हरखतो, ‘टीचर, आम्ही लोणी काढलं!’ खोबरं आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवलं असतं तर हा शोध टळला असता. पहिलं दाट दूध फडक्यातून पिळून घ्यायचं, चोथ्यात परत एक वाटी कोमट पाणी घालून दुसरं पातळ. तिसऱ्यांदा पिळण्याचा हट्ट धरू नये. तिसऱ्यांदा निघतं ते फडक्याचं पाणी.

सोलं, म्हणजे सुकवलेली कोकमं, या सगळ्याच्या आधी भिजायला हवीत. तास ३५ मिनिटांचा, जोडतास मिळाला तर ७०. म्हणून माझ्या वर्गात हजेरीच्या आधी सोलं: एका गटाला ८, अर्धी वाटी कोमट पाण्यात, निदान २० मिनिटं. मग चुरून, पिळून रस काढायचा. ज्यांच्या घरी सोलं नसतात ते बाटली आणतात आणि नाटक तिथे सुरू होतं. गडद लाल बाटल्या दोन प्रकारच्या. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. सरबताचं कोकम म्हणजे साखरेचा पाक. बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी. आगळ घातल्यावर पाककृतीत लिहिलंय म्हणून परत अर्धा चमचा मीठ घातलं की माझी दुसरी वाटी तयार होते. सरबत घातलं की वाढदिवसाची सोलकढी. उपाय साधा आहे, बाटलीतला एक थेंब आधी तळहातावर घेऊन चाटायचा. पण तेराव्या वर्षी मुलं बाटलीवर विश्वास ठेवतात, जिभेवर नाही. म्हणून मिठाचा नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय: मीठ सर्वांत शेवटी, पाव चमचा, ढवळा, थांबा, चाखा. ‘थांबा’ हा शब्द वहीत उतरवताना बहुतेकांकडून गळतो.

पांढऱ्या पुडांचा घोळ याहून जुना. मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, तिन्ही एकसारख्या बरण्यांत. मिठाऐवजी सोडा पडला की आंबट रसाशी तो फसफसतो आणि सोलकढीचा गुलाबी रंग बघता बघता निळसर करडा होतो. सोलांतलं अँथोसायनिन आंबटात लाल-गुलाबी असतं आणि सोड्यानं आंबटपणा मेला की निळ्याकडे झुकतं. विज्ञानाच्या बाई हे बघायला मुद्दाम थांबतात, मुलांना लिटमस कागदाची आठवण करून देतात, आनंदानं निघून जातात. त्यांना ती वाटी चाखायची नसते.

सोलकढी गॅसवर चढवायची नाही. एवढं एकच वाक्य आहे, पण एखादा गट पातेलं शेगडीवर ठेवून मोकळा होतो, कारण ‘कढी’ या शब्दात कढ आहेच, हा त्यांचा युक्तिवाद. भाषेच्या तासाला याला पूर्ण गुण मिळाले असते. नारळाचं दूध आंबटासकट तापलं की फाटतं, पाणी एकीकडे, कण एकीकडे. पुन्हा जोडता येत नाही. ‘फुटी कढी’ नावाचा नारळ न घालता केलेला प्रकार गोव्यात आहे, हे मुलांना बरोब्बर त्याच क्षणी आठवतं.

पोह्यांबद्दल फार सांगत नाही. दिवाळीला पाच तऱ्हांचे फोव खाल्लेली ही मुलं पोहे म्हणजे घरचंच कार्य समजतात. जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा फिरवायचे, निथळू द्यायचे, दहा मिनिटं झाकायचे. पातळ पोह्यांवर फक्त हबका. जाडे पोहे पातेल्यात पाणी भरून ठेवले आणि मधेच कुणाच्या भांडणाचा निवाडा करायला गेलात तर परत येईपर्यंत लगदा. तो टाकू नये. तांदळाचं पीठ, कांदा, मिरची घालून तव्यावर थापावा आणि गटाला सांगावं की आपण आज हेच करणार होतो.

फोडणीत मात्र मला थांबावं लागतं. आधी लायटर हातात, मग शेगडीची कळ. मुलं आधी कळ फिरवतात आणि मग लायटर शोधायला निघतात, तोवर वास येतो आणि मी ओरडते. तेलात मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, तो उडाला की बाकीची. मोहरी पूर्ण तडतडायच्या आत हळद पडली तर मोहरी कच्ची, कडवट, आणि हळद जळून तांबूस. कढीपत्ता धुतला की पुसायचा. पाण्याचा थेंब गरम तेलाखाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि तेल वर उडतं. ‘कढीपत्ता रागावला’ असं मुलं म्हणतात, म्हणोत बापडी.

आणि पेज. उकड्या तांदळाची पेज हा सगळ्यांत सोपा पदार्थ: तांदूळ, पाणी, मीठ. एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी. पण उकडा तांदूळ शिजायला जो वेळ घेतो तो कुठल्याही वेळापत्रकाला माहीत नाही. रात्रभर भिजवून आणला तरच जोडतासात आवरतं. झाकण पूर्ण लावलं की फेस उतू जातो आणि शेगडी विझते, म्हणून तिरपं ठेवायचं. दर पाच मिनिटांनी ‘टीचर, जालें?’ असा पुकारा होतो. दाणा काढून बोटांनी दाबायचा, मधे पांढरा कणा दिसला, तर अजून नाही. घंटा होते, पेज होत नाही, पुढच्या वर्गाची मुलं दारात, आणि इतिहासाचे सर नाकानं वास घेत विचारतात, ‘सोबत कैरीचं लोणचं आहे का?’

सहामाहीच्या पेपरात मी दरवेळी एक प्रश्न घालते: सोलकढीत मीठ किती व केव्हा घालावे? अपेक्षित उत्तर: सर्वांत शेवटी, पाव चमच्यानं, चाखत. गेल्या गठ्ठ्यात एकानं लिहिलं होतं, ‘मीठ मात्शें-मात्शें घालावे. टीचरचे तोंड वाकडे झाले की थांबावे.’

दोनपैकी दीड गुण दिले.