निळी पाटी बघून पंचनामा सोडू नका

परदेशी दूतावासाची निळ्या पाटीची गाडी सिग्नल तोडून गेली की आपल्याकडे ठरलेलं वाक्य येतं, ‘सोडा हो, त्यांना कायदा लागू नाही.’ हे साफ चूक आहे. याच समजुतीपायी जखमी माणूस तक्रार करत नाही आणि हक्काच्या भरपाईला मुकतो.

आधी पाटी वाचा. निळ्यावर पांढरी अक्षरं असतात. पहिला आकडा देशाचा, मधली अक्षरं दर्जाची, शेवटचा आकडा गाडीचा. सीडी म्हणजे दूतावास, सीसी म्हणजे वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट), यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रं. दूतावास दिल्लीत, म्हणून मुंबईत दिसते ती बहुधा सीसी. सगळा फरक इथेच पडतो.

सीडीला राजनैतिक संबंधांचा 1961 चा व्हिएन्ना करार लागतो, आपल्याकडे 1972 च्या कायद्याने. राजनैतिक अधिकाऱ्याला अटक होत नाही, फौजदारी खटला चालत नाही, दूतावासाच्या गाडीची झडती किंवा जप्ती होत नाही. पण त्याच कराराचं कलम 41 म्हणतं की इथले कायदे पाळणं त्याचं कर्तव्य आहे. आणि हे संरक्षण त्याच्या देशाचं असतं, देशाला ते काढून घेता येतं. 1997 मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जियाच्या एका अधिकाऱ्याने नशेत गाडी चालवून एका मुलीचा जीव घेतला. जॉर्जियाने संरक्षण काढलं, आणि त्याला तिथेच शिक्षा झाली.

सीसीचं कवच बरंच पातळ. 1963 च्या वेगळ्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूताला संरक्षण आहे ते कार्यालयीन कामापुरतं. रविवारी कुटुंबाला घेऊन लोणावळ्याला जाणं हे कार्यालयीन काम नव्हे. त्याच्या घरच्यांना तर खटल्यापासून संरक्षणच नाही. आणि कलम 43 स्पष्ट सांगतं की वाहन अपघाताच्या भरपाईसाठी तिसऱ्या व्यक्तीने, म्हणजे नुकसान झालेल्याने, केलेल्या दिवाणी दाव्यात हे संरक्षण चालत नाही, मग तो कामावर असला तरी. कलम 56 ने त्यांना इथल्या नियमांप्रमाणे थर्ड पार्टी विमाही बंधनकारक केला आहे.

चाकावर बहुधा आपलाच भारतीय चालक असतो. निळ्या पाटीमुळे त्याला काहीही मिळत नाही. लायसन्स, दारूची तपासणी, एफआयआर, सगळं इतरांसारखंच. पोलिसांनी पाटीकडे बघून त्याला जाऊ देणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून अपघात झाला तर पूर्ण नंबर अक्षरांसकट लिहा, फोटो काढा. नुसतं ‘निळी गाडी’ सांगून काही हाती लागत नाही. गाडी कोण चालवत होतं हे एफआयआरमध्ये यायलाच हवं, कारण खटल्यापासून संरक्षण माणसाला असतं, पाटीला नाही. समोरच्याने संरक्षण सांगितलं तर परराष्ट्र मंत्रालयाने दिलेलं ओळखपत्र बघायला पोलिसांना सांगा. कंपनीचं किंवा दूतावासाचं व्हिजिटिंग कार्ड पुरत नाही. अधिकाऱ्याला अटक करता येत नसली तरी पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब कोणी अडवलेले नाहीत. त्याच कागदांवर पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाकडे, म्हणजे परदेशी दूतावासांशी व्यवहार पाहणाऱ्या विभागाकडे, विषय जातो.

विम्याचे तपशील पोलिसांमार्फत मागून घ्या आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात 6 महिन्यांच्या आत अर्ज करा. विमा कंपनीलाही प्रतिवादी करायला विसरू नका. तिला कुठलंही राजनैतिक संरक्षण नाही.