उत्तर द्यायचं राहिलेली माणसं

माझ्या मावसबहिणीचा एक मेसेज ११ दिवस माझ्या फोनमध्ये तसाच पडून होता. "ताई, वेळ असेल तेव्हा फोन करशील का? जरा बोलायचं होतं." एवढाच. मी तो ऑफिसचा जिना उतरता उतरता उघडला, वाचला आणि मनात म्हटलं, निवांत बसून फोन करते. तिच्याकडे निळ्या टिक गेल्या. माझ्याकडे तोवर चार ग्रुप जागे झाले आणि तिचं नाव खाली खाली सरकत स्क्रीनच्या बाहेर गेलं.

बाराव्या दिवशी दुसरंच काहीतरी शोधताना तो दिसला. लगेच फोन केला. ज्या निर्णयासाठी तिला माझ्याशी बोलायचं होतं, तो तिने एकटीने घेऊन टाकला होता. ती रागावली नाही. "तू कामात असशील म्हणून परत नाही टाकला," एवढंच म्हणाली. मला ते वाक्य अजून छळतं.

त्या रात्री मी सगळ्या चॅट आवरायला बसले. आपण सगळे जे करतो तेच केलं, माणसांचे कप्पे केले. घर, ऑफिस, मैत्रिणी, शाळेचे पालक. ही सोय आता बहुतेक ॲपमध्ये आहे. टेलिग्रामने २०२० मध्ये चॅट फोल्डर आणले, व्हॉट्सॲपमध्ये २०२४ च्या अखेरीस आपल्याला हव्या तशा याद्या करता यायला लागल्या आणि सिग्नलमध्ये २०२५ मध्ये फोल्डर आले. आपण कोणाला कुठल्या यादीत टाकलंय हे समोरच्याला दिसत नाही, त्यामुळे संकोचाचा प्रश्न नाही. दिसायला सगळं फार सुरेख दिसत होतं.

आणि तीनच आठवड्यांत पुन्हा तेच झालं. या वेळी आमच्या एका जुन्या सरांचा मेसेज राहिला. कारण प्रत्येक कप्प्यातही पंधरा-सोळा चॅट होत्या आणि तिथेही बोलका माणूस वर आणि अबोल माणूस खाली, हाच न्याय. यादी छोटी झाली, पण तिचा क्रम शेवटच्या मेसेजच्या वेळेवरच राहिला. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला सगळ्यात वरची जागा. ज्याने एकदाच, संकोचत विचारलं, तो तळाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेसेज कोणाचा आहे हे मला माहीतच असतं, ते नाव वाचल्यावर कळतं. मला आठवण हवी असते ती त्या माणसाला माझ्याकडून काय हवंय याची.

म्हणून आता मी माणसांचे कप्पे मोडलेत. एकच यादी ठेवलीय, 'उत्तर देणं आहे'. मेसेज वाचला आणि लगेच उत्तर देता येणार नसेल, तर ती चॅट हातासरशी त्या यादीत टाकते. उत्तर दिलं की काढते. रात्री झोपण्याआधी ती यादी उघडते. कधी दोन नावं असतात, कधी सात. ज्यांना त्या दिवशी उत्तर देणं खरंच जमत नाही त्यांना निदान "वाचलंय, रविवारी सविस्तर बोलू" एवढं तरी लिहिते. या एका ओळीने समोरचा माणूस किती सैलावतो हे मी अनुभवलंय.

कोणी म्हणेल, त्यासाठी 'अनरीड' करायची सोय आहे की. आहे, आणि मी ती वर्षभर वापरली. पण अनरीडचा ठिपका न वाचलेल्या शंभर मेसेजच्या ठिपक्यांसारखाच दिसतो, त्या गर्दीत तो हरवतो. शिवाय आपण अनरीड केलं तरी समोरच्याच्या निळ्या टिक निळ्याच राहतात. त्याच्या लेखी आपण वाचून गप्प बसलेलो असतो. पिनचंही तसंच. व्हॉट्सॲपवर बरीच वर्षं तीनच चॅट वर पिन करता यायच्या, सिग्नलवर चार. ती जागा मी आई, नवरा आणि मुलीची शाळा यांना दिलीय. ती कामांची जागा होऊ शकत नाही.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण यावर माझं माझ्या मित्रांशी पटत नाही. ते म्हणतात, ईमेलमध्ये कसं कंपनीच सगळं वेगळं लावून देते, महत्त्वाचं इकडे, जाहिराती तिकडे, तसं चॅटमध्येही करून मिळायला हवं. मला ते नको आहे. ईमेलमध्ये हे जमतं, कारण मजकूर कंपनीच्या सर्व्हरला वाचता येतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या ॲपमध्ये मेसेज फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, मधल्या सर्व्हरला तो कुलूपबंदच दिसतो. माझ्या मावसबहिणीची अडचण 'महत्त्वाची' आहे की नाही, हे तिसऱ्या कोणी ठरवण्यासाठी त्याने ती आधी वाचायला हवी. तिने ती मला लिहिली होती. आवरण्याचं काम माझ्यावर पडतं ते या खासगीपणामुळेच, आणि ते मी आनंदाने करते.

याच कारणामुळे जुन्या मेसेजचा शोधही फोनमध्ये आहे तेवढ्यातच लागतो. फोन हरवला आणि बॅकअप नसला तर जुनं बोलणं गेलं. व्हॉट्सॲपमध्ये क्लाउडवरच्या बॅकअपलाही एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावता येतं, २०२१ पासून, पण ते आपण स्वतः चालू करावं लागतं. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं. टेलिग्रामच्या साध्या चॅट कंपनीच्या क्लाउडमध्ये राहतात, म्हणून तिथे कुठल्याही फोनवरून सगळं सापडतं. सीक्रेट चॅट मात्र त्या त्या फोनपुरतीच. सोय कुठून येते आणि तिच्या बदल्यात आपण काय देतो, हे बघून ॲप निवडा.

ग्रुपबद्दल थोडक्यात. ग्रुप म्यूट करणं म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. माझे दोन सोडून सगळे ग्रुप म्यूट आहेत आणि निम्मे अर्काइव्हमध्ये, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला काढलेले. व्हॉट्सॲपवर २०२१ पासून अर्काइव्ह केलेली चॅट नवा मेसेज आला तरी तिथेच राहते. सिग्नलमध्ये मात्र ती म्यूट असेल तरच राहते, त्याची सेटिंग बघून घ्या. एकट्या माणसाची चॅट मात्र मी कधीच म्यूट करत नाही. त्रास होत असेल तर तसं त्याला सांगते. आणि ग्रुपमध्ये काही ठरलं, तारीख, वेळ, कोण काय करणार, तर ॲडमिनने तो मेसेज ग्रुपमध्ये पिन करावा. नाहीतर दोनशे शुभेच्छांच्या खाली तो गाडला जातो आणि रोज कोणीतरी नव्याने विचारतं, "कधी ठरलं?"

आपोआप नाहीसे होणारे मेसेज मला आवडतात. व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस, ९० दिवस, जो टायमर लावाल त्यानंतर बोलणं आपोआप पुसलं जातं. पसारा साठतच नाही. पण टायमर हा दोघांचा असतो, तो दुसऱ्याला विचारून लावावा. टायमर असलेल्या चॅटमधल्या मजकुराचा स्क्रीनशॉट मी काढत नाही. औषधाचं नाव, पत्ता, तारीख असं काही लागणारं असेल तर तेवढंच माझ्या शब्दांत वहीत उतरवते. व्हॉट्सॲपमध्ये असा मेसेज 'ठेवून' घेता येतो, पण तुम्ही ठेवलात की पाठवणाऱ्याला कळतं आणि त्याची इच्छा नसेल तर तो नकार देऊ शकतो. ज्याचे शब्द, त्याचा शेवटचा अधिकार. मला ही रचना फार योग्य वाटते.

मावसबहिणीने आमच्या चॅटला ७ दिवसांचा टायमर लावलाय. लावण्याआधी तिने मला विचारलं, मी हो म्हटलं. त्यामुळे ती ११ दिवसांची चूक आता तशी होऊच शकत नाही, कारण आठव्या दिवशी माझ्या फोनमध्ये तिचा प्रश्नच उरणार नाही. गेल्या महिन्यात एका मीटिंगमध्ये असताना फोनच्या लॉक स्क्रीनवर तिच्या मेसेजची पहिली ओळ दिसली, "ताई, वेळ असेल तेव्हा". मी तो उघडला नाही. दहा मिनिटांनी मीटिंग संपली, तशी बाहेर जिन्यात गेले आणि तिला फोन लावला.