मिस, आधी चहा

२०१२ साली आम्ही ओहायोतल्या ॲक्रनमध्ये राहत होतो, नवरा एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-फोर म्हणजे त्याच्या बायकोच्या व्हिसावर. एच-फोर म्हणजे त्या काळी काय होतं तर देशात खुशाल राहा, बर्फ उपसा, नवऱ्याचा डबा भरा, पण एक डॉलर कमवायचा नाही. कोणीतरी सुचवलं की व्हॉलंटियरिंग कर, त्याला परमिट लागत नाही, गावातल्याच नॉर्थ हिल भागात नेपाळी बोलणारी निर्वासित कुटुंबं आलीयत, त्यांना इंग्लिश शिकवायला माणसं हवीयत. म्हटलं चला, लिपी देवनागरी, अर्धी भाषा कानाला ओळखीची, सोपं आहे की!

सोपं होतं हीच तर गोची.

तर ही मंडळी नेपाळची नव्हेतच, दक्षिण भूतानची. १९९० च्या आसपास तिथल्या सरकारने हजारो नेपाळीभाषक लोकांचं नागरिकत्व नाकारलं, शाळांतून नेपाळी काढून टाकली आणि लोकांना देशाबाहेर जावं लागलं. मग पूर्व नेपाळात झापा जिल्ह्यात बेलडांगीच्या कॅम्पात बांबूच्या झोपडीत वीसेक वर्षं, आणि २००८ पासून अमेरिका वगैरे देश घेऊ लागले तेव्हा नंबर लागला. आपल्याला भूतान म्हणजे सात दिवसांचं पॅकेज आणि 'जगातला सगळ्यात आनंदी देश' एवढंच माहीत. त्या आनंदाच्या हिशोबात यांना धरलेलंच नव्हतं. मला शिकवायला मिळालेल्या घरातल्या बाजेंची, म्हणजे आजोबांची, तिकडे भूतानात चिरांगला संत्र्याची बाग होती, ते अजूनही इथल्या दुकानातलं संत्रं हातात घेऊन दाबून बघतात आणि तोंड वाकडं करून परत ठेवतात.

संस्थेने ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं की वर्गात फक्त इंग्लिश बोलायचं आणि खायला-प्यायला काही घ्यायचं नाही. मी दारात उभी राहून छान हसून म्हटलं, "हॅलो, व्हॉट इज युवर नेम?" आमा, म्हणजे त्या घरातल्या आई, म्हणाल्या, "अरे मिस, अंदर आओ, बाहर कितना ठंडा है, पहले चिया पियो." हिंदी सिरियली बघून बघून त्यांची हिंदी माझ्या इंग्लिशपेक्षा बरी होती. झालं! चहा आला, मागोमाग सेलरोटी आली, ती अकबरे मिरचीची चटणी आली जिच्या एका बोटाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मग सासू कुठली, मुलं का नाहीत, सोनं इंडियात काय भाव, असं करत वेळ संपला. इंग्लिशची गरजच पडेना ना कोणाला! नातवाला तर मुळीच नाही, कॅम्पातल्या शाळेत तो आधीच इंग्लिश शिकलेला, इथे येऊन दोन महिन्यांत नाकातून बोलायला लागला आणि वर मलाच सांगतो, "मिस, तुम्ही वाईन आणि व्हाईन एकसारखंच म्हणता."

मी चंग बांधला की आज फॉर्म भरायचा धडा घ्यायचाच. आमा, तुमचा बर्थडे? जानेवारी फर्स्ट. सूनबाई? जानेवारी फर्स्ट. शेजारून काकू चहाला आल्या होत्या, त्यांचाही जानेवारी फर्स्ट. नक्की तारीख माहीत नसली की कागदावर एक जानेवारी लावून मोकळे होतात, त्यामुळे त्या बिल्डिंगमध्ये थर्टी फर्स्टला रात्री बारा वाजता अर्धी जनता एकदम वर्षाने मोठी होते. बाजेंचं उत्तर मात्र वेगळं होतं. ते विचार करून म्हणाले, टू थाउजंड टू. म्हणजे २०१२ मध्ये समोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा, पांढऱ्या मिशा आणि ढाका टोपीसकट! ते विक्रम संवत सांगत होते, पण ओहायोच्या क्लिनिकमधल्या बाईला हे कोण समजावणार, म्हणून मग त्यांनाही जानेवारी फर्स्टच पाठ करायला लावला.

सगळ्यात महत्त्वाचा धडा ९११ चा, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरचा. फोन उचलायचा, 'देअर इज अ फायर' म्हणायचं, पत्ता सांगायचा. मी भिंतीवर चित्रबित्र चिकटवलं, आमा मान डोलावत होत्या, आणि तिकडे सूनबाईंनी डाळीवर सुक्या मिरचीची फोडणी ओतली. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. (ओहायोतला एक तरी देशी मला दाखवा ज्याने टॉवेल घेऊन त्या पांढऱ्या डबीखाली नाच केलेला नाही.) आमांनी शांतपणे खिडकी उघडली, ताटाने वारा घालायला घेतला, तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत दारात. मी तोंड उघडायच्या आत आमांनी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "नो फायर. दाल."

मॅनेजर "ओके" म्हणून निघून गेला. कर्ता नाही, क्रियापद नाही, काम शंभर टक्के.

संस्थेतून परीक्षा घ्यायला बाई आली तेव्हा आमा पहिल्या लेव्हलला पास झाल्या, आणि बक्षीस मला मिळालं. खालच्या मजल्यावरचं कारेन कुटुंब, म्यानमारचं. तिथे ना हिंदी, ना नेपाळी, ना देवनागरी. पहिल्या दिवशी मी फ्लॅशकार्डं सावरत जिना उतरत होते तर आमा आधीच त्यांच्या स्वयंपाकघरात, मिरचीच्या पिशवीसकट. तिथल्या आजीने मला बसायची खूण केली आणि गॅसवर पाणी ठेवलं.