तळ्यांसाठी पाव टक्का

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या फुटाळा तलावाला पाणथळ जागेचं कायदेशीर संरक्षण लागू होत नाही असा निकाल दिला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, विषय संपला, तलावातलं संगीत कारंजं सुखाने पाहा. दुसरा विचारतो, मग अंबाझरी, सोनेगाव, गोरेवाडा ही बाकीची तळी कोणाच्या भरवशावर? पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळलेली आहेत. नागपूरची तळी तर माणसांनीच बांधलेली! मी दुसऱ्या तटाची. पण दर वेळी कोर्टातच लढायचं, हे मला पटत नाही. नागपुरातल्याच अजनीच्या झाडांसाठी २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही कुऱ्हाड दारात आल्यावरच धावाधाव झाली.

मी राहते ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, केप कॉडला. समोरच्या नॅन्टकेट बेटावर १९८३ मध्ये लँड बँक स्थापन झाली. तिथे बहुतेक जमीन-घर खरेदीवर घेणारा २ टक्के रक्कम तिच्याकडे भरतो आणि त्या पैशातून ती मोकळी जमीन रीतसर विकत घेते. बंदी नाही, आंदोलन नाही, सरळ खरेदीखत. खाजणं, वाळूच्या टेकड्या, प्लोव्हर पक्ष्यांच्या विणीच्या जागा अशा राखता येतात. वादळात समुद्र चढतो तेव्हा लाटांचा जोर आधी हीच खाजणं झेलतात. आणि एकदा राखलेली सार्वजनिक जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेतल्या १९७२ च्या दुरुस्तीनुसार विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे कुलूप.

इथलं सगळंच घेण्यासारखं नाही. घरं इतकी महाग झालीत की शाळेतल्या शिक्षिकेला, अग्निशमन दलाच्या जवानाला गावात राहणं परवडत नाही. राखलेल्या जमिनीशेजारचं घर आणखी महाग होतं. नाल्याकाठच्या वस्त्या हटवून नागपुरात हिरवळ करायची असेल, तर मला ती नको. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्याचा २००० चा कायदा मला जास्त शहाणा वाटतो: गावाने मतदान करून मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावायचा, त्यातला किमान दहावा हिस्सा मोकळ्या जमिनीला आणि तेवढाच परवडणाऱ्या घरांना.

नागपूरला हे अशक्य नाही. घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसाठी १ टक्का अधिभार आपण आजही भरतो. त्याच वाटेने तळ्यांसाठी पाव टक्का का नको? पन्नास लाखांच्या फ्लॅटवर ते साडेबारा हजार रुपये होतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. त्या रात्री भिजलेल्या एका फ्रिज-सोफ्याची किंमत याहून जास्त भरेल.

पैसा वेगळ्या खात्यात हवा, हिशेब वॉर्डावॉर्डात मांडायला हवा आणि घेतलेली जमीन एका ठरावाने कोणाला देता येऊ नये. कोणती जमीन आधी घ्यायची यावर खुशाल वाद घालू. लेंडी तलावाचं उरलंसुरलं पाणी वाचवा असं कोणी म्हणेल, तेही बरोबर आहे. माझं मत अंबाझरीच्या वरच्या अंगाला, वाडी-हिंगण्याकडच्या नाल्यांकाठच्या मोकळ्या जमिनीला. तिथे पाणी मुरलं, तर खाली अंबाझरी लेआउटमधल्या घरांना तेवढा श्वास घ्यायला मिळेल.