ॲपवर सूट २५ टक्के, हातात पडते १५

हॉटेलात ॲपमधलं कूपन लावताना बहुतेक जण टक्के बघतात. टक्के बघूच नका, शेवटी खात्यातून किती गेले ते बघा, असं माझं ठाम मत आहे.

दोघांचं जेवण २,००० रुपयांचं धरा. २५ टक्के सूट गेली, राहिले १,५००. पण कित्येक ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज मूळ २,००० वर लावतात. ते २०० मिळवून झाले १,७००, त्यावर ५ टक्के जीएसटी ८५. एकूण १,७८५. कूपन आणि सर्व्हिस चार्ज दोन्ही नसते तर २,१०० झाले असते. म्हणजे वाचले फक्त ३१५. तोच चार्ज काढला की बिल १,५७५ वर येतं, आणि २५ टक्के खरे होतात.

हा चार्ज देणं न देणं आपल्या मर्जीवर आहे. बिलात तो आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यामुळे बिल टेबलावर आलं की आधी खालच्या तीन ओळी वाचा, चार्ज काढून नवीन बिल मागा, आणि मगच ॲपमधून पैसे भरा. यात ओशाळण्यासारखं काही नाही. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि घाईत काउंटरवर कार्ड दिलंत तर ॲपमधून पैसे भरण्याची ऑफर गेलीच म्हणून समजा.

'एकावर एक'चं गणित वेगळं. दुबईतल्या आपल्या मंडळींना 'एंटरटेनर' माहीत असतं. २००१ साली कूपनांची पुस्तिका म्हणून आलं, आता ॲप आहे. अशा ऑफरमध्ये स्वस्त पदार्थ फुकट मिळतो. ४५० आणि २८० चे पदार्थ मागवले तर सूट ३८ टक्के. ४५० आणि ४३० चे मागवले तर जवळपास ४९. म्हणून जोडी सारख्या किमतीची निवडा. पण फुकटच्या लोभाने नको असलेला महागडा पदार्थ मागवणं हा शुद्ध तोटा.

प्रवासात हॉटेलची खोली घेताना 'कमाल' हा शब्द शोधा. '४० टक्के, कमाल ८००' हे कूपन २,००० च्या खोलीपर्यंतच पूर्ण लागू पडतं. ५,००० च्या खोलीवर तेच १६ टक्के होतं. त्यात बुकिंग रद्द केल्यावर पैसे परत मिळणार नसतील, तर हॉटेलला थेट फोन करून भाव विचारा, मगच कूपन लावा.